सगळ्यात कमी वेळ, तरी चौथा नंबर

अमेरिकन मॅरेथॉनपटूंची तुलना करायची म्हटल्यावर माझ्यातल्या इंजिनिअरने आधी तक्ता बनवला. तीन शर्यती घेतल्या आणि वेळेप्रमाणे लावल्या.

पहिला रायन हॉल: बोस्टन, २०११, २ तास ४ मिनिटं ५८ सेकंद. दुसरा खालिद खन्नूची: लंडन, २००२, २:०५:३८. म्हणजे हॉल ४० सेकंदांनी पुढे. तरी अमेरिकन विक्रम खन्नूचीकडेच राहिला. असं का?

विक्रमासाठी नियम असा की, रस्त्याचा एकूण उतार किलोमीटरमागे एक मीटरपेक्षा जास्त नको, म्हणजे साधारण ४२ मीटर. बोस्टनचा रस्ता जवळपास १४० मीटर खाली उतरतो. त्या दिवशी वारासुद्धा पाठीमागून होता. शिवाय हॉल आला चौथा. खन्नूचीने मात्र टेर्गट आणि गेब्रसेलासीला हरवून चक्क विश्वविक्रम केला होता.

तक्त्यात सगळ्यात खाली मेब केफ्लेझिगी: बोस्टन, २०१४, २:०८:३७. रस्ता हॉलचाच, वेळ ३ मिनिटं ३९ सेकंद जास्त, पण नंबर पहिला! १९८३ नंतर तिथे एकही अमेरिकन पुरुष जिंकला नव्हता. आदल्या वर्षी याच शर्यतीच्या फिनिश लाइनजवळ बॉम्बस्फोट झाले होते. त्यातल्या मृतांची नावं ३८ वर्षांच्या मेबने आपल्या छातीवरच्या नंबरच्या कोपऱ्यांत लिहिली होती.

मग मी तक्त्यात तीन कॉलम वाढवले: उतार, वारा, कितवा नंबर. मेबच्या नावांसाठी कॉलम सुचेना. शेवटी सॉर्टचं बटण दाबलंच नाही.

तुम्ही कोणाला वर ठेवाल? नक्की सांगा!