चाकाचा व्यास आणि कोल्हापूरची मालवाहतूक

शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी ही गुळाची पेठ वसवली, तेव्हा मिरज-कोल्हापूर लोहमार्ग सुरू होऊन चारच वर्षे झाली होती आणि पंचगंगेच्या काठच्या गुऱ्हाळांतून पेठेपर्यंत गूळ येत असे तो उंच लाकडी चाकांच्या बैलगाडीतूनच. चाक उंच ठेवण्यामागे पक्का अनुभव होता. काळ्या मातीत मोठे चाक कमी रुतते आणि खड्ड्याची कड सहज चढते. लोहार चाकाची धाव, म्हणजे घेरावरची लोखंडी पट्टी, घेरापेक्षा किंचित लहान घडवी, गोवऱ्यांच्या जाळात तापवून ती प्रसरण पावली की चाकावर चढवी आणि तत्काळ पाणी ओती; आकसलेली धाव मग आरे आणि तुंबा यांना एकजीव आवळून धरी.

साखरधंद्याला १९३२ च्या कायद्याने संरक्षण मिळाले, पुढे सहकारी कारखाने उभे राहिले, आणि तोडलेल्या उसातील साखर दिवसागणिक घटत असल्याने जलद वाहतूक निकडीची झाली. त्यातूनच हवेच्या रबरी टायरची गाडी रूढ झाली. तिचे चाक जुन्याहून बरेच लहान असूनही तीच बैलजोडी कितीतरी अधिक ऊस ओढू लागली. याचे सारे श्रेय रबराला देणे अपुरे ठरते, कारण आखावर वंगणात घासत फिरणाऱ्या लाकडी तुंब्याची जागा बेअरिंगने घेतली, हा बदलही तितकाच मोलाचा होता.

पिकअपला मोठे टायर बसवणारे मालक नकळत बैलगाडीचाच हिशेब लावतात. परंतु बैल गाडीला बाहेरून ओढतो, तर इंजिन आखाला आतून पीळ देते, आणि हा भेद निर्णायक आहे. बैलगाडीत मोठे चाक ओढ हलकी करते. पिकअपमध्ये मात्र तोच पीळ अधिक लांब त्रिज्येवर वाटला जाऊन जमिनीवरचा जोर घटतो. टायरचा व्यास ३० इंचांवरून ३३ इंच झाला, तर त्याच गिअरमध्ये हा जोर सुमारे ९ टक्के कमी होतो. सपाट महामार्गावर इंजिनाचे फेरे कमी होऊन डिझेलची थोडी बचत संभवते, पण जड टायरला गती देण्यात आणि रुंद टायरच्या वाढीव घर्षणात ती बहुधा संपते. कोकणातून आंबा भरून गगनबावड्याकडे करूळ घाट चढताना तर चालकाला खालचाच गिअर धरावा लागतो. शिवाय गाडीचा अंतरमापक चाकाचे फेरे मोजत असल्याने ११० किलोमीटर धावल्यावरही तो १०० च दाखवतो, आणि त्याची दुरुस्ती केल्यावाचून काढलेले मायलेज प्रत्यक्षाहून वाईट दिसते. जोर परत मिळवायचा असेल, तर डिफरन्शियलचे, म्हणजे मागच्या आखावरील दातेरी चक्रांचे, गुणोत्तर बदलावे लागते.