परग्रहांवरील जीवसृष्टी : महाराष्ट्रातील शोध

पृथ्वीबाहेर, सूर्यमालेत किंवा अन्य ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांवर, सजीव आहेत काय आणि असल्यास त्यांतले काही बुद्धिमान असतील काय, या प्रश्नाचा अभ्यास. पृथ्वीबाहेर आजवर एकही सजीव निर्विवादपणे सापडलेला नाही. ग्रहांची मात्र वाण नाही. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती फिरणारा पहिला परग्रह १९९५ मध्ये मेयर व केलो यांनी शोधला. २०२५ पर्यंत अशा ग्रहांची संख्या सहा हजारांवर गेली. या नोंदीत प्रामुख्याने महाराष्ट्रातील संस्था व संशोधक यांच्या कामाचा परामर्श घेतला आहे.

बुद्धिमान जीवांचा प्रश्न : फ्रँक ड्रेक यांनी १९६० मध्ये टाऊ सेटी व एप्सिलॉन एरिडानी या ताऱ्यांकडे रेडिओ दुर्बीण रोखून पहिला पद्धतशीर वेध घेतला आणि १९६१ मध्ये आकाशगंगेतील संपर्कक्षम संस्कृतींच्या संख्येचे समीकरण मांडले. त्यातल्या बहुतेक घटकांच्या किमती आजही अंदाजाच्या आहेत. ‘मग ते आहेत कुठे?’ हा एन्रिको फर्मी यांचा आक्षेप अनुत्तरितच आहे.

महाराष्ट्रातील पार्श्वभूमी : या विषयाला येथे प्रयोगशाळेची वाट दाखवणारे नाव जयंत विष्णू नारळीकर (१९३८–२०२५) यांचे. कोल्हापूरला जन्म, केंब्रिजला फ्रेड हॉइल यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन, पुढे मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि १९८८ पासून पुण्यातील ‘आयुका’ या खगोलशास्त्र केंद्राचे संस्थापक-संचालकपद, असा त्यांचा प्रवास आहे. विश्वरचनाशास्त्रातील त्यांच्या कामाची नोंद अन्यत्र आहे. हॉइल व त्यांचे सहकारी चंद्रा विक्रमसिंगे यांच्या मते जीवबीजे धूमकेतूंतून अवकाशभर पसरतात आणि पृथ्वीवरील सजीवांचे मूळही तेथेच असावे. नारळीकरांनी हे मत तसेच्या तसे स्वीकारण्याऐवजी ते तपासायचे कसे, हे पाहिले. वरून काही झिरपत असेल तर ते हवेच्या वरच्या थरात आधी सापडले पाहिजे, इतका सरळ हा विचार होता.

फुग्यांचे प्रयोग : उष्ण कटिबंधात ढग आणि वादळे साधारण १६–१७ किमी उंचीपर्यंत पोहोचतात. त्यावरच्या स्थितांबरात खालची धूळ सहजी चढत नाही. म्हणून नमुने २० किमीच्या वरून आणायचे ठरले. पहिले उड्डाण २१ जानेवारी २००१ रोजी हैदराबाद येथील टाटा संस्थेच्या फुगा केंद्रातून झाले. इस्रोचे साहाय्य होते. फुग्याने ४१ किमीपर्यंत जाऊन हवेचे नमुने आणले. ते ब्रिटनकडे आणि हैदराबादच्या सीसीएमबी (पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्र) या संस्थेकडे तपासणीस गेले. कार्डिफच्या गटाने जिवंत पेशींवरच चमकणारे रंगद्रव्य वापरले व ४१ किमीवरील नमुन्यात पेशींचे पुंजके दिसल्याचे जाहीर केले. शेफील्डच्या वेनराइट यांनी काही जीवाणू व एक बुरशी वाढवून दाखवली. सीसीएमबीचे एस. शिवाजी व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये बॅसिलस प्रजातीतील चार नव्या जाती वर्णिल्या : एरियस, एरोफिलस, स्ट्रॅटोस्फेरिकस आणि अल्टिट्यूडिनिस. हॉइल यांचे निधन ऑगस्ट २००१ मध्येच झाले होते; हा पुढचा भाग त्यांना पाहता आला नाही.

दुसरे उड्डाण २० एप्रिल २००५ रोजी झाले आणि मराठी वाचकाला सविस्तर ठाऊक असावे असे तेच आहे. फुगा २.६७ कोटी घनफुटांचा होता. त्याखाली ४५९ किलोंचे यंत्र टांगलेले होते आणि त्यात ३८ किलो द्रवरूप निऑन होता. या निऑनमध्ये पोलादाच्या सोळा नळ्या बुडवलेल्या होत्या. नळ्या निर्जंतुक करून आतली हवा पूर्ण काढून घेतलेल्या. द्रव निऑनचे तापमान उणे २४६ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ठरलेल्या उंचीवर झडप उघडली की विरळ हवा आत ओढली जाई आणि थंड भिंतीवर गोठून बसे. त्यामुळे पंपाविनाच नळी भरत राही. पंप नाही म्हणजे पंपातून येणारी घाणही नाही, हा या युक्तीचा मोठा फायदा. २० ते ४१ किमी दरम्यानचे नमुने घेऊन नळ्या हवाई छत्रीने खाली आल्या.

तपासणी दोन ठिकाणी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे झाली : हैदराबादला शिवाजी यांच्याकडे आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात योगेश शौचे यांच्याकडे. यू. आर. राव व पी. एम. भार्गव हे मार्गदर्शक होते, फुगा केंद्राची जबाबदारी रवी मनचंदा यांच्याकडे आणि प्रकल्पसंचालन सी. बी. एस. दत्त यांच्याकडे होते. इस्रोने मार्च २००९ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. जीवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती मिळाल्या. त्यांतल्या नऊ पृथ्वीवरच्या ज्ञात जातींशी ९८ टक्क्यांहून अधिक जुळणाऱ्या निघाल्या. जीवाणूंच्या तीन जाती नव्या ठरल्या : हॉइल यांच्या नावाने जॅनिबॅक्टर हॉयली, इस्रोच्या नावाने बॅसिलस इस्रोनेन्सिस आणि आर्यभटाच्या नावाने बॅसिलस आर्यभट्टाई. त्या २७ ते ४१ किमी या पट्ट्यातल्या नमुन्यांतून आल्या होत्या. जवळच्या ज्ञात जातींपेक्षा त्या अतिनील किरणांना अधिक तोंड देतात, असेही आढळले. सूक्ष्मजीवशास्त्राच्या दृष्टीने हा या कार्यक्रमातला सर्वांत मोलाचा भाग होय. हे जीवाणू नमुनासंग्रहात जतन झाले आणि इतर प्रयोगशाळांना पुन्हा तपासता आले. परग्रहीय जीवनाविषयीच्या दाव्यांत अशी हाती धरता येणारी वस्तू फार क्वचित असते.

अन्वयार्थ : नवी जात म्हणजे परकी जात नव्हे. पृथ्वीवरच्या मातीतलेही बहुसंख्य सूक्ष्मजीव अद्याप वर्णिलेले नाहीत. तिन्ही जीवाणूंची जनुकीय यंत्रणा पृथ्वीवरील जीवाणूंसारखीच असून त्यांचे नातेवाईकही येथलेच आहेत. यातून पृथ्वीबाह्य उगम निश्चित होत नाही, असे इस्रोने २००९ च्या निवेदनातच नमूद केले होते. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत तेवढे वाक्य गळले. पुढे आर्यभट्टाई जातीचे जीवाणू मध्य भारतातील काळ्या जमिनीत, सोयाबीनच्या मुळांभोवती सापडले आणि जस्त विरघळवून पिकाला देणारे म्हणून त्यांचा अभ्यास झाला.  काही संशोधक आता ही जात आधीच ज्ञात असलेल्या मेगॅटेरियम जातीतच गणतात. स्ट्रॅटोस्फेरिकसही इंग्लंडमधील वेअर नदीच्या मुखाशी आढळला. हे सारे खालून वर गेले असण्याच्या शक्यतेला बळ देणारे आहे. कसे गेले, याचे सर्वमान्य उत्तर नाही. ज्वालामुखी व प्रचंड वादळे यांकडे बोट दाखवले जाते. पेशींतील कार्बनादी मूलद्रव्यांच्या समस्थानिकांचे प्रमाण मोजणे ही निर्णायक कसोटी ठरू शकते. हा वाद सुटेपर्यंत ‘आकाशातले जीवाणू’ असा शब्दप्रयोग टाळावा आणि ‘स्थितांबरात मिळालेले जीवाणू’ असे म्हणावे, हे बरे.

रेडिओ वेध : बुद्धिमान जीवांचा शोध घ्यायचा तर कान लावून बसणे हा सध्याचा मुख्य मार्ग आहे. १९५९ मध्ये कोकोनी व मॉरिसन यांनी त्यासाठी हायड्रोजनची १४२० मेगाहर्ट्‌झ ही कंप्रता सुचवली. विश्वात सर्वत्र असलेल्या मूलद्रव्याची खूण कोणत्याही प्रगत संस्कृतीला ठाऊक असणार, हा त्यामागचा तर्क. जुन्नर तालुक्यातील खोडद येथील जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण या कंप्रतेपर्यंत ऐकू शकते. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या आहेत. चौदा मध्यवर्ती भागात आणि उरलेल्या सोळा इंग्रजी ‘वाय’च्या आकारात सुमारे २५ किमी परिसरातील गावांमधून पसरल्या आहेत.  

दुर्बीण उभारली ती मुख्यतः स्पंदतारे व दीर्घिकांच्या अभ्यासासाठी. परग्रहांशी तिचा संबंध दोनदा ठळकपणे आला. फ्रेंच संशोधकांच्या नेतृत्वाखालील गटाने २००९ मध्ये एचएटी-पी-११ या ताऱ्याच्या ग्रहाचा १५० मेगाहर्ट्‌झवर वेध घेतला. ग्रह ताऱ्याआड गेल्यावर एक क्षीण संकेत नाहीसा झाल्याचे दिसले. पुढच्या वर्षी तो मिळाला नाही. लेखकांनी २०१३ च्या निबंधात त्याला केवळ चाहूल म्हटले. दुसरा प्रसंग १९ ऑक्टोबर २०१६ चा. मंगळावर उतरणाऱ्या युरोपीय शियापारेली यानाचा ४०१ मेगाहर्ट्‌झवरचा दुबळा संकेत खोडदच्या थाळ्यांनी थेट ऐकला. उतरण्याच्या थोडे आधी तो थांबला. यान आदळून नष्ट झाले होते. दुसऱ्या ग्रहाजवळच्या यंत्राचा आवाज या डोंगराळ मुलखात टिपता येतो, याची ही खात्रीची साक्ष आहे. मोबाइल मनोरे व विजेच्या तारांतली ठिणगी हे या दुर्बिणीचे मोठे शत्रू असून परिसरातील गावांचे सहकार्य तिला अत्यावश्यक आहे.

लोणार : बुलढाणा जिल्ह्यातील सुमारे १.८ किमी व्यासाचे आघाती विवर, बेसाल्ट खडकात. मंगळावरची विवरे अशाच खडकात असल्याने तुलनेसाठी उपयुक्त. पाणी तीव्र अल्कधर्मी. वयाबाबत मतभेद आहेत. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संस्थेने त्याचे कारण क्षारप्रिय सूक्ष्मजीव असल्याचे दाखवले.

साहित्य : मराठीत या विषयाची गोडी लावण्याचे श्रेय पुन्हा नारळीकरांकडेच जाते. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली आणि ती पारितोषिकास पात्र ठरली. ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह व ‘प्रेषित’ ही कादंबरी यांमुळे परग्रहावरील बुद्धिमान जीव हा शालेय वाचकांच्या ओळखीचा विषय झाला. या कथांत परग्रहवासी येतात ते गणित व भौतिकीचे नियम पाळत. याच कारणाने त्या वाचून विज्ञानाकडे वळलेल्यांची एक पिढी महाराष्ट्रात आहे. डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकजवळ आडगाव येथे भरलेल्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. प्रकृतीमुळे त्यांना प्रत्यक्ष येता आले नाही.