शार्कोची दुर्लक्षित ओळ

पॅरिसमधल्या साल्पेत्रियेर रुग्णालयाचे नाव सोऱ्यावरून पडले आहे. आपल्या भुईनळ्यांत जो सोरा असतो, तोच हा. त्या जागी पूर्वी तोफांच्या दारूचा कारखाना होता. १६५६ साली चौदाव्या लुईच्या हुकमाने तिथे गोरगरिबांसाठी आश्रयगृह निघाले आणि पुढे पॅरिस शहराला नकोशा झालेल्या बायकांची ती जणू वखारच झाली. म्हाताऱ्या, वेड्या, फेपरे येणाऱ्या, रस्त्यावरून धरून आणलेल्या, सगळ्या तिथे. १८६२ साली झाँ मार्तँ शार्को नावाचा छत्तीस वर्षांचा डॉक्टर तिथे विभागप्रमुख म्हणून आला, तेव्हा त्या भिंतींआड सुमारे पाच हजार जीव राहत होते. दुसऱ्या कोणी कपाळाला हात लावला असता. शार्को मात्र त्या जागेला रोगांचे जिवंत संग्रहालय म्हणू लागला.

त्याची पद्धत साधी, पण कमालीच्या चिकाटीची होती. व्ह्युल्पियाँ हा त्याचा मित्र आणि तो, दोघे मिळून एकेका दालनातल्या एकेका बाईला तपासून टिपणे ठेवीत. हात कसा थरथरतो, डोळ्यांची बुबुळे कशी हलतात, शब्द कसे तुटक येतात, हे सारे वर्षानुवर्षे लिहायचे, आणि ती बाई वारली की शवविच्छेदन करून आत काय बिघडले होते ते पाहायचे. शार्कोच्या घरी एक मोलकरीण होती असे सांगतात. तिचे हात इतके कापत की कपबश्या फुटायच्या. पण तिला घालवून देणे त्याच्या जिवावर येई, कारण ते कापणे कसले याचा उलगडा त्याला हवा होता. अखेर ती साल्पेत्रियेरमध्येच वारली आणि तिच्या मेंदूत व मज्जारज्जूत जागोजाग राखी रंगाचे घट्ट चट्टे आढळले.

असे चट्टे त्याच्याआधीही काहींनी पाहिले होते. स्कॉटलंडचा कार्सवेल आणि फ्रान्सचा क्रुव्हेइये यांनी तर त्यांची सुरेख रंगीत चित्रे छापली होती. परंतु चित्र काढणे वेगळे आणि जिवंत माणसाकडे पाहून आतले चित्र ओळखणे वेगळे. ते १८६८ साली शार्कोने आपल्या व्याख्यानांतून शिकवले आणि एका स्वतंत्र रोगाला जगात ओळख मिळाली. त्यालाच आज मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणतात. विजेच्या तारेवर जसे वेष्टण असते तसे मज्जातंतूंवर मायलिन नावाचे स्निग्ध आवरण असते. या रोगात शरीराची रक्षणव्यवस्थाच उलटते आणि त्या आवरणावर तुटून पडते. जिथे आवरण जाते तिथे संदेश रेंगाळतो, चुकतो किंवा थांबतो. रोग बहुधा वीस ते चाळीस या वयात उमटतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांना अधिक होतो. म्हणजे संसार ऐन भरात असताना.

आता मूळ मुद्दा. त्याच व्याख्यानांत शार्कोने आणखीही एक गोष्ट नोंदवली होती. या रोग्यांपैकी पुष्कळांची स्मरणशक्ती स्पष्टपणे क्षीण होते, कल्पना मनात सावकाश बांधल्या जातात आणि बुद्धी व भावना दोन्ही बोथटतात, असा तिचा आशय. व्याख्याने पुस्तकरूपाने निघाली, त्यांचे इंग्रजी भाषांतर १८७७ साली झाले, जगभरच्या विद्यार्थ्यांनी त्यांतली थरथर, बुबुळांचे हलणे आणि तुटक बोलणे ही तीन लक्षणे पाठ केली. ती ओळ मात्र पानावरच राहिली. पुढली शंभर वर्षे तिच्याकडे कोणी वळून पाहिले नाही म्हटले तरी फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

असे का व्हावे? एक कारण असे की पायाचे अपंगत्व दिसते, मनाचे दिसत नाही. आणि हा काही एकाच रोगाचा प्रकार नाही. लंडनच्या जेम्स पार्किन्सनने १८१७ साली कंपवातावर आपला प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यात इंद्रिये आणि बुद्धी यांना धक्का लागत नाही असे त्याने आरंभीच सांगून टाकले. अवघी सहा माणसे त्याने पाहिली होती, आणि त्यांतलीही काही रस्त्यावर ओझरती पाहिलेली! त्याच शार्कोने या रोगाला पार्किन्सनचे नाव दिले आणि बुद्धीबाबत मात्र त्याच्याशी मतभेद नोंदवला. तरी पाठ्यपुस्तके बराच काळ पार्किन्सनचेच वाक्य गिरवीत राहिली. आज हे सर्वमान्य आहे की कंपवाताच्या रोग्यांतही विचारांची गती आणि योजनाशक्ती पुष्कळदा मंदावते.

दुसरे कारण मोजमापाचे. १९२६ साली लंडनचे कॉट्रेल आणि विल्सन या दोघांनी मल्टिपल स्क्लेरोसिसचे शंभर रोगी घेऊन त्यांच्या मनःस्थितीची पाहणी केली. बहुतेकांची वृत्ती अवाजवी आनंदी दिसली; बुद्धीचा खरा बिघाड त्यांना शंभरांत फक्त दोघांत आढळला. पण त्यांनी केले होते काय, तर रोग्यांना ठरावीक प्रश्न विचारून त्यांच्याशी बोलले होते. बुद्धीची रीतसर चाचणी अशी घेतलीच नव्हती. गप्पा मारताना माणूस हुशार वाटतो यात नवल ते काय? शब्दसंपत्ती, रीतभात आणि जुन्या आठवणी या रोगात बऱ्याच शाबूत राहतात. आणि गप्पांना घड्याळ नसते. तो दोनाचा आकडा पुढे इतका पक्का बसला की डॉक्टरांच्या पिढ्याच्या पिढ्या त्यावर विसंबल्या.

पुढे अमेरिकेतल्या कुर्ट्झके याने अपंगत्वाची एक मोजपट्टी केली. १९५५ साली पहिली, १९८३ साली सुधारलेली. शून्यापासून दहापर्यंत. आजही जगभर तीच वापरतात. मधल्या पायरीनंतर तिचा सारा भर चालण्यावर आहे. विश्रांती न घेता किती मीटर चालता येते, काठी लागते का, चाकाची खुर्ची लागते का, असे प्रश्न. मोजपट्टी उपयोगाची आहे, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु तीन किलोमीटर चालणारी एखादी कारकून बाई कचेरीतली बेरीज जुळवताना रडकुंडीला येत असेल, तर या पट्टीवर तिला काहीच झालेले नसते. घरी नवरा म्हणतो लक्ष नाही, सासू म्हणते आळस आला, साहेब शेरा मारतो. तिला स्वतःलाही काय होते आहे ते सांगता येत नाही.

१९८० साली काही अमेरिकन संशोधकांनी एक सोपी गोष्ट करून पाहिली. तज्ज्ञांनी ज्या रोग्यांची बुद्धी ठीक आहे असा निर्वाळा दिला होता, त्यांनाच चाचण्यांना बसवले. जवळजवळ निम्मे जण त्यांत कमी पडले! मग १९९१ साली विस्कॉन्सिनमधले डॉ. स्टीफन राओ आणि त्यांचे सहकारी यांचे दोन निबंध प्रसिद्ध झाले, आणि वाद जवळपास मिटला. त्यांनी रुग्णालयात खितपत पडलेले रोगी न घेता समाजात वावरणारे शंभर रोगी निवडले आणि वय, शिक्षण वगैरे बाबतींत त्यांच्या जोडीची शंभर निरोगी माणसे घेतली. रोग्यांतले ४८ आणि निरोगी माणसांतले ५ जण कमी पडले. वजाबाकी करून राओंनी प्रमाण धरले शेकडा ४३. कुठे दोन आणि कुठे त्रेचाळीस! रोग किती वर्षांचा आहे याच्याशी या उणेपणाचा संबंध आढळला नाही, आणि शारीरिक अपंगत्वाशी आढळला तोही अगदी बेताचा. दुसऱ्या निबंधात त्यांनी दाखवले की ज्यांच्या बुद्धीवर परिणाम झाला आहे असे रोगी नोकरीत कमी टिकतात, चारचौघांत कमी मिसळतात आणि घरातली रोजची कामेही त्यांना अधिक जड जातात.

या संशोधनात एक चाचणी फार वापरतात, ती मुळात न्यूझीलंडच्या डोरोथी ग्रॉनवॉल या बाईंनी डोक्याला मार लागलेल्यांसाठी वापरात आणली. वाचकांनी फराळाच्या ताटाभोवती घरच्यांना ती जरूर घालून पाहावी. एकाने दर तीन सेकंदांनी एक अंक म्हणायचा आणि दुसऱ्याने प्रत्येक नवा अंक फक्त त्याच्या लगेच आधीच्या अंकात मिळवायचा. तीन, पाच, उत्तर आठ. पुढे दोन आले तर उत्तर सात. दहा नव्हे, कारण मिळवायचे ते पाचात, आपल्याच उत्तरात नाही. दहा-बारा अंकांतच भल्याभल्यांची त्रेधा उडते. गणित दुसरीच्या मुलाचे, पण ऐकायचे, धरून ठेवायचे, मिळवायचे, बोलायचे आणि आपलेच उत्तर विसरायचे, हे सारे तीन सेकंदांत! मल्टिपल स्क्लेरोसिसचे घाव नेमके इथे बसतात. वेळ द्या, उत्तर बरोबर येते. मायलिनचे कामच मुळी वेगाचे, तेव्हा ते गेले की आधी वेग जावा हे क्रमप्राप्तच आहे.

आम्हा मास्तर लोकांना हा फरक कळायला हवा, पण आमच्यातही उशिरा हात वर करणाऱ्या पोराला मठ्ठ म्हणण्याची रीत जुनी आहे. पुढच्या एका शोधाने तर मला फारच विचारात पाडले. हे रोगी विसरतात म्हणजे साठवलेले त्यांना परत काढता येत नाही, अशी समजूत होती. १९९४ साली न्यू जर्सीतले जॉन डेलुका आणि त्यांचे सहकारी यांनी निराळी परीक्षा घेतली. शब्दांची यादी एकदाच न ऐकवता, ती पक्की होईपर्यंत प्रत्येकाला पुन्हा पुन्हा ऐकवायची. रोग्यांना निरोगी माणसांपेक्षा अधिक वेळा ऐकावी लागली. मात्र एकदा पक्की झाल्यावर, काही वेळाने विचारले तेव्हा दोघांना सारखीच आठवली. म्हणजे घागर बरीचशी धड होती, धार बारीक झाली होती.

एवढ्याने सगळे उलगडले असे नाही. पूर्वी समजत की हा रोग मेंदूच्या पांढऱ्या भागाचा. १९६२ साली इंग्लंडमध्ये ब्राउनेल आणि ह्यूज यांनी २२ मृत रोग्यांच्या मेंदूंतले चट्टे मोजले, तेव्हा सुमारे पाव हिस्सा राखी भागात किंवा त्याच्या सीमेवर निघाला. आणि विचाराचे काम तर मुख्यतः त्या राखी पदार्थाचे. एमआरआय यंत्राने १९८१ सालापासून जिवंत माणसाचे चट्टे दिसू लागले, परंतु राखी भागातले पुष्कळसे त्यालाही दिसत नसत. नव्या शक्तिमान यंत्रांना त्यांतले अधिक दिसतात, आणि मेंदूचे आक्रसणे मोजता येऊ लागल्यावर बुद्धीच्या उणेपणाशी त्याचा संबंध बराच स्पष्ट झाला.

२०१२ साली काही देशांच्या तज्ज्ञांनी मिळून पंधरा मिनिटांत होणारी एक छोटी चाचणीमालिका सुचवली, म्हणजे जिथे मानसशास्त्रज्ञ नाही अशा दवाखान्यातही ती घेता यावी. आपल्याकडे या रोग्यांची संस्था मुंबईत १९८५ साली निघाली, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने हा रोग आणि कंपवात, दोन्ही यादीत घेतले. कायद्याने नाव घेतले, आता दाखला देणाऱ्या डॉक्टराने रोग्याला चालायला सांगण्याबरोबरच दोन बेरजाही विचारल्या पाहिजेत.

उपचारांचे म्हणाल तर गेलेला वेग परत आणणारे खात्रीचे औषध अजून हाती नाही. १९९३ पासून जी औषधे निघत गेली ती मुख्यतः रोगाचे झटके आवरतात. शिकवण्याने मात्र थोडे साधते असे दिसते, आणि त्यातला एक प्रयोग माझ्यासारख्या कादंबऱ्या लिहिणाऱ्याला सुखावणारा आहे. न्यू जर्सीच्या केस्लर संस्थेत नॅन्सी किआराव्हलोटी यांनी ८६ रोगी घेतले आणि त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना पाच आठवड्यांत दहा पाठ दिले. पाठ कसले, तर जे लक्षात ठेवायचे त्याचे मनात चित्र उभे करायचे आणि सुटे शब्द गोष्टीत गुंफायचे. बाजारात आणायच्या साबण, दोरी, नारळ, कंदील या चार वस्तू घ्या आणि त्यांची चार ओळींची गोष्ट करा, म्हणजे कल्पना येईल. २०१३ साली त्याचे निष्कर्ष छापले गेले. हे पाठ घेतलेल्यांचे पाठांतर सुधारले, सहा महिन्यांनीही ते पुष्कळसे टिकून होते, आणि रोग्यांच्या घरच्या माणसांना विचारले तेव्हा त्यांनीही सांगितले की घरात फरक जाणवतो आहे.