ना जिवंत, ना मृत : मोसूलचे एकोणचाळीस

परदेशात नागरिक बेपत्ता झाला तर सरकार त्याच्या कुटुंबाला काय देऊ शकते? शोध, पार्थिव, पैसा, ही उत्तरे लगेच सुचतात. मोसूलच्या प्रकरणाकडे पाहताना मला मात्र चौथीच गोष्ट मोलाची वाटते : घरच्यांनी त्या माणसाला काय मानायचे, याचे प्रामाणिक उत्तर.

जून २०१४ मध्ये ‘इसिस’ने इराकमधील मोसूल शहर घेतले. तिथे बांधकामावर असलेले ४० भारतीय मजूर त्यांच्या तावडीत सापडले. बहुतेक पंजाबचे, बाकीचे हिमाचल, बिहार, बंगालचे. एक जण निसटला. इतरांना गोळ्या घातल्याचे त्याने सांगितले. सरकारने ते ग्राह्य धरले नाही. पुराव्याशिवाय कुणाला मृत म्हणणे हे पाप आहे, अशी परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांची भूमिका होती. मग घरोघरी वाट पाहणे सुरू झाले.

या भूमिकेला कायद्याचाही आधार होता. १८७२च्या भारतीय पुरावा कायद्याचे कलम १०८ सांगत होते, की ज्यांना एखाद्याची खबर स्वाभाविकपणे मिळाली असती त्यांना ती सात वर्षे मिळाली नाही, तर तो जिवंत असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर येते. २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानेही ही मुदत तशीच ठेवली. तोवर पत्नी विधवा नसते, विमा अडतो, वारसा अडतो. आणि घर चालवणारा हात तर गेलेलाच असतो.

जुलै २०१७ मध्ये मोसूल मुक्त झाल्यावर शोधाला वेग आला. परराष्ट्र राज्यमंत्री व्ही. के. सिंह इराकला गेले, नातेवाइकांचे डीएनए नमुने घेतले गेले. बादुशजवळच्या एका टेकाडाखाली प्रेते असल्याचे रडारने दाखवले. उत्खननात ३९ मृतदेह निघाले. लांब केस आणि हातातली कडी ही पहिली ओळख ठरली. २० मार्च २०१८ रोजी स्वराज यांनी राज्यसभेत मृत्यूची घोषणा केली. अनेक कुटुंबांना ती बातमी दूरचित्रवाणीवरून कळली. आधी संसदेला सांगणे हे आपले कर्तव्य होते, असा त्यांचा खुलासा होता. २ एप्रिलला ३८ जणांचे अवशेष अमृतसरला आले. ओळख पूर्ण न पटल्याने एकाचे मागे राहिले. पुढे प्रत्येक कुटुंबाला १० लाख रुपये जाहीर झाले.

सरकारने शोध सोडला नाही, हे मान्यच करायला हवे. मृत म्हणण्याची घाई झाली असती, तर ते टेकाड कदाचित कुणी खणलेच नसते. पण ‘मृत नाही’ आणि ‘जिवंत आहे’ यांत अंतर आहे, आणि चार वर्षे कुटुंबांपर्यंत पहिल्यातून दुसराच अर्थ पोहोचत राहिला.

अर्जेंटिनाने १९९४ मध्ये आणि श्रीलंकेने २०१६ मध्ये बेपत्तांसाठी वेगळी कायदेशीर नोंद निर्माण केली. तिथले संदर्भ निराळे आहेत : देशातच नाहीशा झालेल्या माणसांचे. तरी तत्त्व घेण्यासारखे आहे. माणूस मेला असे न म्हणताही घरच्यांचे व्यवहार सुरू करता येतात. आशा आणि रेशन यांपैकी एकच निवडा, असे कुणाच्या पत्नीला सांगावे लागू नये.