अंगठ्याचे मोल

नगर-मनमाड रस्त्याने शहराबाहेर पडले की नागापूरची शीव लागते. या गावाच्या रानात औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि पंचक्रोशीत ‘नागापूर’ म्हणजे ‘एमआयडीसी’ असे समीकरण झाले. अहमदनगर जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. पण खेड्यापाड्यांतून पाळीच्या कामासाठी तरुणांना येथे आणणारी वाट तीच आहे. पत्रा कापणारी व दाबणारी यंत्रे जशी घरची चूल पेटती ठेवतात, तशीच ती क्षणार्धात हाताची बोटेही घेऊन जातात. असा अपघात घडला की घरच्यांच्या ओठी एकच प्रश्न येतो : आता पुढे काय? पुष्कळदा त्याच घडीला कोणी तरी थोडीशी रक्कम पुढे करतो आणि कागदावर सही किंवा अंगठा मागतो. हा अंगठा देण्यापूर्वी त्यामागचा शतकाहून मोठा इतिहास आपल्या कुटुंबांना ठाऊक असावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्याकडे जखमी कामगाराची बाजू सरकारदरबारी ठामपणे मांडली ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक परंपरेतील हे ‘दीनबंधु’कार स्वतः गिरणीत नोकरी केलेले होते. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या. तेथे सिद्ध झालेल्या निवेदनावर सुमारे ५,५०० कामगारांनी सह्या केल्या. रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, कामाच्या ठरावीक वेळा आणि वेळेवर पगार या मागण्या सर्वज्ञात आहेत. परंतु पाचवी मागणी आज विस्मरणात गेली आहे. कामावर गंभीर जखम झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि कायमचे अपंगत्व आल्यास त्याच्या उदरनिर्वाहाची तजवीज व्हावी, अशी ती मागणी होती. योगायोग असा की त्याच वर्षी जुलै महिन्यात जर्मनीने कामगारांच्या अपघातविम्याचा कायदा संमत केला होता. तिकडे कायदा झाला. इकडे रविवारची सुटी मिळण्यास १८९० साल उजाडले आणि पाचव्या मागणीला तर त्याहून दीर्घ काळ तिष्ठावे लागले.

तोवर कायदा काय म्हणत होता? १८५५ च्या कायद्याने मृताच्या वारसांना दावा करता येई, परंतु मालकाचा दोष सिद्ध करण्याचा भार त्यांच्याच शिरावर असे. ज्या विधवेला कारखान्याच्या फाटकाआत पाऊल टाकता येत नाही, तिने यंत्रातील दोष कसा सिद्ध करावा? इंग्लंडमधील न्यायालये तर, सहकाऱ्याच्या चुकीने इजा झाली असेल तर मालक जबाबदार नाही, असे मानीत. तेथे १८९७ च्या कायद्याने हा विचार मागे पडू लागला. मधल्या काळात, १५ मे १८९१ रोजी, पोप तेरावे लिओ यांनी ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकात कामगारांच्या संघटना करण्याच्या हक्काचा पुरस्कार केला आणि अपघात, आजार व वार्धक्य यांसाठी साहाय्यनिधी असावा, असे सुचविले. पुढे १९८१ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी ‘लाबोरेम एक्सेर्सेन्स’मध्ये अपघातविमा हा कामगाराचा हक्कच असल्याचे प्रतिपादन केले. भरपाई ही मालकाची मेहेरबानी नव्हे, हा विचार असा हळूहळू रुजला.

भारतात कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला. कामातून व कामाच्या ओघात अपघात घडला, एवढे सिद्ध झाले की मालकाचा दोष दाखविण्याची गरज उरली नाही. ‘पोराचेच लक्ष नव्हते’ हे उत्तर पुरेसे राहिले नाही. केवळ निष्काळजीपणाने हक्क जात नाही. ठेकेदाराच्या माणसाविषयी मुख्य मालकालाही जबाबदार धरण्यात आले. मृत्यूची भरपाई परस्पर वारसाच्या हाती न देता आयुक्तांकडे जमा करावी, असा दंडक घातला गेला. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कामगाराने आपला हक्क सोडल्याचा करार केला तरी तो निरर्थक ठरविला गेला. अंगठा मागणाऱ्या कागदाला कायद्याने तेव्हाच उत्तर देऊन ठेवले होते.

रक्कम मात्र आरंभी तुटपुंजी होती. मृत्यू झाल्यास तीस महिन्यांचे वेतन, तेही २,५०० रुपयांच्या मर्यादेत. पुढे दुरुस्त्या होत गेल्या. या कायद्याच्या अखेरच्या वर्षांतील हिशेब पाहू. तीस वर्षे वयाच्या, महिना १५,००० रुपये वेतनाच्या कामगाराला संपूर्ण कायम अपंगत्व आले, तर वेतनाच्या साठ टक्क्यांना वयानुसार ठरलेल्या २०७.९८ या गुणकाने गुणीत; रक्कम होई १८,७१,८२० रुपये. हाताचा अंगठा गेल्यास कमाईची क्षमता ३० टक्के घटली असे परिशिष्टात मानलेले होते. म्हणजे ५,६१,५४६ रुपये. आता त्याच माणसाकडून दुसऱ्या हाताचा अंगठा किती रुपयांत उठवून घेतला जातो, याचा विचार वाचकांनीच करावा.

परिशिष्टातील टक्के हाच शेवटचा शब्द नव्हे, हेही सर्वोच्च न्यायालयाने दाखवून दिले. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून हे संपूर्ण अपंगत्वच होय आणि भरपाईचे देणे निकालाच्या दिवशी नव्हे, तर अपघाताच्या दिवशीच लागू होते, असा निर्वाळा न्यायालयाने डिसेंबर १९७५ मध्ये दिला.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि १९२३ चा कायदा तिच्यात सामावला गेला. दोषाविना भरपाईचे तत्त्व कायम आहे. घरून कामावर जाता-येताना घडणाऱ्या अपघातालाही, कामाशी संबंध असल्यास, संरक्षण मिळाले आहे. राज्य विमा योजनेतील कामगाराला मात्र अपघाताचे लाभ विमा महामंडळाकडून मिळतात. म्हणून आपले विमापत्र आहे की नाही, हे प्रथम पाहावे.

हक्क कागदावर आहे. तो घरापर्यंत आणणारा माणूस हवा. १९२३ च्या कायद्याने हेही ओळखले होते. अर्जदार निरक्षर असल्यास आयुक्तांच्या देखरेखीखाली त्याचा अर्ज लिहून द्यावा, अशी तरतूद त्यात होती. ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आलेल्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात औद्योगिक कामगाराला, तसेच प्रत्येक स्त्रीला, मोफत वकील मिळण्याचा अधिकार आहे. जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करावा लागतो. कामगार संघटनाही प्रकरण चालविण्यास मदत करतात.

आमची धर्मग्रामांतील शिकलेल्या मुलामुलींना विनंती आहे. शेजारच्या घरी अपघात घडला तर दवाखान्याचे केसपेपर, पगाराची चिठ्ठी, हजेरीचा पुरावा आणि साक्षीदारांची नावे त्याच आठवड्यात एकत्र करा. मालकाला लेखी सूचना द्या आणि तिची पोच घ्या. दाव्याला मुदत असते, म्हणून दिरंगाई करू नका. न वाचलेल्या कागदावर कोणासही अंगठा उठवू देऊ नका. १८८४ साली ५,५०० कामगारांनी सह्या केल्या त्या हक्क मागण्यासाठी. आज नागापूरच्या वाटेवरील एकाही घरातून तो हक्क सोडण्यासाठी सही जाऊ नये, एवढे तरी आपण पाहू या.