परदेशची चाकरी आणि प्रभूचें कार्य

पिंपळगांव रेणुकाईच्या बाजारांतून हिरवी मिरची किती दूरच्या मुलुखांत जाते, हें येथील शेतकऱ्यास आम्ही सांगावयास नको. अलीकडे मिरचीमागोमाग मुलेंहि जाऊं लागलीं आहेत. कोणी पुण्यास, कोणी मुंबईस, आणि शिकलेली एखादी परिचारिका थेट अरबांच्या देशांत. अशा वेळीं आईबाप धर्मगुरूपाशीं येऊन विचारतात, "फादर, पोर तिकडे धर्म राखील ना?" प्रश्न रास्त आहे. परंतु त्याच्या पलीकडचा एक प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं: पगारासाठीं परमुलुखीं गेलेल्या माणसाच्या हातून प्रभूचें कांहीं कार्य होतें काय? याचें उत्तर इतिहासांत बरेंचसें सांपडतें, आणि तें या स्मरणिकेच्या वाचकांपुढें ठेवावें असा आमचा हेतु आहे.

प्रेषितांच्या काळींच याचा आरंभ झालेला दिसतो. क्लौद्य कैसराच्या हुकुमानें रोम सोडावें लागलेलें अक्विला व प्रिस्किल्ला हें दांपत्य करिंथ येथें तंबू शिवण्याचा धंदा करीत असे, आणि संत पौल त्यांच्याच घरीं राहून त्याच धंद्यावर पोट भरी. करिंथच्या मंडळीचा पाया घातला गेला तो अशा राबत्या घरांत. पण इतके दूर जाण्याचें कारण नाहीं. आपल्या जालना जिल्ह्यांतच एक रणभूमि अशी आहे कीं जी या विषयाची दुसरी बाजू दाखविते.

ता. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं असई येथें शिंदे व भोसले यांच्या फौजेची जनरल वेलस्ली याच्या इंग्रजी फौजेशीं गांठ पडली. (इंग्रजांच्या वृत्तांतांत केळना नदीच्या उताराजवळ एक पिंपळगांव येतें, नांवावरून तें आपलें समजूं नये.) शिंद्यांच्या कवायती पलटणींचा मुख्य पोलमन हा जर्मनीतील हॅनोव्हरचा. मराठ्यांच्या तोफखान्यांत गोव्याकडील ख्रिस्ती गोलंदाजांचाहि भरणा असे. म्हणजे आपल्या गांवांत मिशनऱ्याचें पाऊल पडण्याच्या पुष्कळ आधीं ख्रिस्ती नांवाचीं माणसें याच मातींतून चालून गेलीं होतीं, आणि तीं सारीं पगारी होतीं. त्यांनीं येथें काय ठेविलें? इंग्रजांच्या हातीं पडलेल्या ९८ तोफा, आणि प्रेतें. गोलंदाज मात्र तोफा सोडून हलले नाहींत, जागच्या जागीं मारले गेले, ही साक्ष शत्रूनेंच दिलेली आहे. वरच्या अधिकाऱ्यांविषयीं तसें म्हणवत नाहीं. शिंद्यांचा मोठा सेनापति पेरॉन हा त्याच महिन्यांत उत्तरेकडे इंग्रजांच्या आश्रयास गेला. पोलमनहि पुढें कंपनीच्याच चाकरींत शिरला. ज्यांची निष्ठा पगाराएवढीच लांब होती, त्यांच्या येण्यानें या भूमींत ख्रिस्ताचें नांव वाढलें नाहीं, आणि वाढण्याचें कारणहि नव्हतें.

आतां त्याच शस्त्राच्या धंद्यांतील, आणि मराठ्यांच्याच दरबारींचा, दुसरा मनुष्य पाहूं. सवाई माधवराव पेशव्यांच्या पदरीं दों मिगेल द नोरोन्या नांवाचा एक पोर्तुगीज सरदार होता. त्याच्या हाताखालीं आणि पुण्याच्या इतर पलटणींत जे ख्रिस्ती शिपाई होते, त्यांना पवित्र मिस्सा नाहीं, मरतांना धर्मगुरु नाहीं, अशी अवस्था होती. नोरोन्यानें ही अडचण दरबारांत मांडली, आणि पेशव्यांनीं देवळासाठीं जमीन दिली. सन १७९२ मध्यें त्या जागेवर पहिलें साधें देऊळ उभें राहिलें. पुण्यांत क्वार्टर गेटजवळ निष्कलंक गर्भसंभव मातेचें जें मंदिर 'सिटी चर्च' म्हणून ओळखलें जातें, तें हेंच. आजची इमारत १८५२ ची आहे.

या गोष्टीचें महत्त्व पुरतें ध्यानीं यावें म्हणून दोन सनांकडे पाहावें. चिमाजी अप्पांनीं वसई घेतली ती १७३९ मध्यें. पोर्तुगीजांच्या अमलाखालीं हिंदु रयतेस धर्माच्या बाबतींत जो जाच झाला, त्याची आठवण त्या मोहिमेमागें होती, हें आपण ख्रिस्ती लोकांनीं कबूल करावयास कचरूं नये. त्यानंतर अवघ्या ५३ वर्षांनीं त्याच पेशव्यांच्या घराण्यानें पोर्तुगीज नांवाच्या माणसास आपल्या राजधानींत देवळासाठीं जमीन द्यावी, हें कसें घडलें? यांत पेशव्यांचें व त्यांच्या कारभाऱ्यांचें औदार्य आहेच. दरबाराला कवायती शिपायांची गरज होती, हेंहि नाकारण्याचें प्रयोजन नाहीं. परंतु निव्वळ गरजेपोटीं पगार वाढवितां येतो. आपल्या कुलधर्माहून निराळ्या देवाच्या घराला जागा देण्यास मन व्हावें लागतें. जो चाकर आपलें काम चोख करतो आणि मग स्वतःसाठीं जहागीर न मागतां आपल्या शिपायांच्या आत्म्यांसाठीं जागा मागतो, त्याचें बोलणें धन्याच्या कानांत निराळें वाजतें, असें आम्हांस वाटतें. हें देऊळ इंग्रजांनीं पुणें घेण्याच्या २५ वर्षें आधींचें आहे, हेंहि आपल्या तरुणांनीं ध्यानांत ठेवावें. 'तुमचा धर्म इंग्रजांनीं आणला' असें कोणी म्हणेल तेव्हां त्यांना उपयोगी पडेल.

असईच्या रणांत बेगम समरू हिच्या पलटणीहि होत्या. ही बाई १७८१ मध्यें आग्रा येथें बाप्तिस्मा घेऊन कॅथलिक झालेली. तिच्या पदरच्या रेगेलिनी नांवाच्या इटालियन अधिकाऱ्यानें मेरठजवळ सरधना येथें मातेचें भव्य मंदिर बांधिलें, त्यावर १८२२ हें साल आहे. लढाईसाठीं नेमलेला मनुष्य, पण नांव राहिलें तें त्याच्या रचनाकौशल्यामुळें.

आम्हांस याहूनहि बोधप्रद वाटते ती सावॉय प्रांतांतील दोघांची तुलना. शिंद्यांची कवायती फौज प्रथम ज्यानें उभारली तो डी बॉयन हा सावॉयमधील चांबेरी गांवचा. महादजींच्या पदरीं त्यानें अपार द्रव्य मिळविलें, १७९६ च्या सुमारास हिंदुस्थान सोडलें, आणि चांबेरींत दानधर्म इतका केला कीं त्याच्या स्मरणार्थ तेथें चार हत्तींचें कारंजें उभें आहे. दान तें दानच. त्यास आम्ही नांवें ठेवीत नाहीं. पण ज्या दुआबांतील रयतेच्या साऱ्यांतून तें द्रव्य जमलें, तिच्या वांट्यास त्यांतलें काय आलें? पुढें त्याच सावॉयमधील आनसी येथून संत फ्रान्सिस डी सेल्सच्या संघाचे मिशनरी हिंदुस्थानांत उतरले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्यापैकीं फादर जाकिये औरंगाबादकडील घोगरगांवीं आले. त्यांनीं कांहीं परत नेलें नाहीं. मराठवाड्यांतील आपल्या धर्मप्रांताचीं मुळें घोगरगांवच्या त्या मातींत आहेत. एकाच डोंगराळ प्रांतांतून दोघे निघाले. एकानें येथें मिळविलें व तिकडे वांटलें, दुसऱ्यानें जें होतें तें येथेंच वेचलें. परदेशीं जाणाऱ्या पगारदारानें या दोहोंतला फरक ओळखावा. घरीं पैसे पाठविणें हें पुत्राचें कर्तव्य आहे, पण तें मिशनकार्य नव्हे. मिशनकार्य व्हावयाचें तें जेथें पगार मिळतो तेथें, त्या खाटेवरच्या रोग्यापाशीं.

रोग्यांचा उल्लेख आला म्हणून दोन गोमंतकीय वैद्यांविषयीं थोडें सांगतों. डॉ. अकासियो व्हिएगस हे पोर्तुगीज अमलांतील गोवा सोडून इंग्रजी अमलांतील मुंबईत डॉक्टरी करीत. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत 'हा प्लेग आहे' असें प्रथम त्यांनीं स्पष्ट सांगितलें. बंदराचा व्यापार बुडवणारें हें निदान कोणास गोड लागणार? पण तें खरें होतें. डॉ. रोझेंदो रिबैरो हे त्याहूनहि दूर गेले. १९०० मध्यें ते आफ्रिकेंत नैरोबीस पोहोंचले, आणि माणसाळविलेल्या झेब्य्रावर बसून रोगी पाहावयास जात. १९०२ मध्यें तेथील हिंदी लोकांच्या बाजारांत त्यांनीं प्लेग ओळखला व सरकारास कळविलें. सरकारनें बाजार जाळून टाकिला. आपल्याच देशबांधवांच्या दुकानांवर पाळी येईल हें दिसत असतां खरें बोलणें किती जड गेलें असेल, याची कल्पनाच करावी. पुढें नैरोबींतील गोमंतकीयांच्या शाळेस त्यांचें नांव मिळालें. या दोघांनीं व्यासपीठावरून उपदेश केला नाहीं. रोगाचें खरें नांव उच्चारलें, एवढेंच.

द्वितीय व्हॅटिकन परिषदेनें १९६५ मध्यें प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयींच्या आदेशांत कामधंद्यासाठीं परदेशीं जाणाऱ्यांस ख्रिस्ताचे फिरते दूत म्हटलें आहे. हें वचन अरबांच्या देशांत विशेष कसोटीस लागतें, कारण तेथें मुसलमानांस धर्मोपदेश करण्यास मनाई आहे, आणि सौदी अरेबियांत तर उघड देऊळहि नाहीं. तरी पुण्यांत घडलें तेंच तेथेंहि घडलें. बहरीनच्या अमिरांनीं दिलेल्या जमिनीवर मनामा येथें १९३९ मध्यें येशूच्या पवित्र हृदयाचें देऊळ झालें. अबू धाबीच्या शेखांनीं दिलेल्या जागेवर १९६५ मध्यें संत जोसेफचें देऊळ उघडलें. त्याच बहरीनच्या राजांनीं दिलेल्या जमिनीवर आवाली येथें बांधलेल्या अरबस्तानच्या मातेच्या महामंदिराचा अभिषेक डिसेंबर २०२१ मध्यें झाला. तेलाच्या विहिरींवर, बांधकामांवर आणि दवाखान्यांत राबणारे परके लोक आपल्या देशांत आहेत, त्यांना प्रार्थनेस जागा हवी, एवढें त्या धन्यांच्या ध्यानांत आलें; तें आणून दिलें राबणाऱ्यांनींच.

तेव्हां जे जाणार आहेत त्यांस आमचें सांगणें व्यवहाराचें आहे. दलालाच्या तोंडी वचनावर घर गहाण टाकूं नये; करारपत्र वाचून, समजून मगच सही करावी, कारण कर्जांत बुडालेल्या माणसास धन्यापुढें खरें बोलण्याचें धैर्य राहत नाहीं. निघण्यापूर्वीं येथील नोंदवहींतून बाप्तिस्म्याचा व दृढीकरणाचा दाखला मागून घ्यावा. तिकडील देवळांत विवाहाच्या वेळीं तो विचारतात. पोहोंचल्यावर पहिल्या पगाराच्या आधीं जवळचें देऊळ शोधावें. आखातांतील पुष्कळ देशांत सुटी शुक्रवारीं असल्यामुळें तेथें शुक्रवारच्या मिस्सेस गर्दी असते, तेव्हां थोडें लवकर निघावें.