मुलाची चोरी आणि बापाचे देणे

मूल चोरी करताना सापडले की आपल्याकडे पहिला प्रश्न आईबापांना विचारला जातो : ‘हेच शिकवलंत का?’ समाजाने मानलेली ही जबाबदारी आणि कायद्याने मानलेली जबाबदारी यांत मात्र मोठे अंतर आहे. त्या अंतराचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

धर्मशास्त्रात उत्तरदायित्वाची दिशाच उलटी. पित्याचे ऋण फेडणे हे पुत्राचे पवित्र कर्तव्य. पुत्राचे ऋण, ते कुटुंबासाठी काढलेले नसेल तर, पित्यावर येत नाही, हे याज्ञवल्क्यस्मृतीचे मत. पुत्राच्या कर्तव्यालाही अपवाद होता : पित्याच्या दुष्कृत्यातून उद्भवलेले ‘अव्यावहारिक’ ऋण. इंग्रजी न्यायालयांनीही हे तत्त्व चालवले. पुढे २००५ च्या दुरुस्तीने पुत्राचे हे धार्मिक कर्तव्य नव्या कर्जांपुरते संपले.

१८६० साली भारतीय दंड संहिता मंजूर झाली; नाशिकजवळ देवळालीची लष्करी छावणी उभी राहिली तीही त्याच दशकात. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत खितपत पडलेल्या गोऱ्या शिपायांमुळे या गावाच्या नावावरून इंग्रजीत वेडेपणाचा एक शब्द रूढ झाला. योगायोग असा की, २०२४ पर्यंत लागू असलेल्या या संहितेतही बालक आणि वेडा शेजारीशेजारी होते. कलम ८२ सात वर्षांखालील मुलाला गुन्ह्यातून मुक्त करत असे, ८३ सात ते बारा वर्षांच्या अपक्व समजेच्या मुलाला, आणि लगेच ८४ वेड्याला. मात्र मुलाची सुटका झाली म्हणजे बाप अडकला, असे संहिता कुठेही म्हणत नव्हती.

मोठ्या मुलांसाठी १८५० च्या कायद्याने उमेदवारी होती, १८६४ च्या कायद्याने फटके. १८९७ च्या सुधारगृह कायद्याने आणखी एक वाट काढली : मुलाच्या चांगल्या वर्तनाबद्दल जास्तीत जास्त बारा महिन्यांचा जातमुचलका घेऊन त्याला आईबापांच्या हवाली करता येई. पालकाचे दायित्व इथे स्पष्टपणे कागदावर येते. पण ते पुढच्या वर्तनाबद्दल, झालेल्या चोरीबद्दल नव्हे.

मग ज्याचे पैसे गेले त्याने काय करावे? भारतीय न्यायालयांनी अनुसरलेले इंग्रजी तत्त्व सांगते की, केवळ जन्मदाता म्हणून बाप मुलाच्या अपकृत्याला बांधील नसतो. त्याची स्वतःची हयगय किंवा चिथावणी सिद्ध करावी लागते. दावा मुलावर होऊ शकतो. पालक त्यात त्याच्या वतीने उभा राहतो, पण हुकूमनामा झाला तर तो मुलाच्या मालमत्तेवर. फ्रान्सच्या १८०४ च्या संहितेने मात्र सोबत राहणाऱ्या अज्ञान मुलाच्या कृत्याचे दायित्व आईबापांवरच ठेवले.

आपल्याकडे बालन्याय कायद्याने मधला मार्ग धरला. २०१५ च्या कायद्याचे कलम १८ मंडळाला मुलाला, आईबापांना किंवा पालकाला दंड भरायला लावण्याची मुभा देते. देवळाली कॅम्पातल्या मुलाचे प्रकरणही छावणीच्या अंमलाखाली न येता जिल्ह्याच्या बालन्याय मंडळापुढेच जाते. पण दंड ही भरपाई नव्हे. तो सरकारजमा होतो. याउलट २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीने अज्ञान मुलाने गाडी चालवून गुन्हा केल्यास पालकालाच दोषी धरले; तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड ठेवला. गाडीची किल्ली बापाच्या हाती असते, भुकेची नसते. म्हणून हा फरक मला न्याय्य वाटतो. मुलावर लक्ष ठेवायला उसंतच नसलेल्या मजूर आईबापांवर चोरीचे देणे सरसकट लादले, तर ती गरिबीलाच झालेली शिक्षा ठरेल.

‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्याच तुरुंगात लिहिली गेली. पुस्तकाच्या ओढीने श्याम पैसे चोरतो, असा प्रसंग तीत आहे. त्याचा निवाडा घरात होतो आणि आई तो मुलगा सुधारावा म्हणून करते. कायद्याला आई होता येत नाही, हे खरे. परंतु मुलाच्या चुकीची किंमत ठरवताना ती कोणाच्या घरातून वसूल होणार आहे, एवढे तरी त्याने पाहिलेच पाहिजे.